स्लो वाढवून दुखणं झाकू नका



आज शेतातलं नाही, पाण्यातलं सांगतो. पण पॉवर वीडर आणि फवारणीचा पेट्रोल पंप वापरणाऱ्यांनी जरूर वाचा.

आमचे साडू करमाळा तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी राहतात. मासेमारीची होडी, तिला छोटं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. गेल्या उन्हाळ्यात गेलो तर म्हणाले, "पाव्हणं, रेस केली की झकास पळतंय, पण काठाला येताना रेस कमी केली की बंद." म्हणलं, हे तर आपल्या वीडरचंच दुखणं! वीडरला मी स्लोचा स्क्रू पिळतो अन् कामाला लागतो. इथंही तेच केलं. इंजिन बंद पडायचं थांबलं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी साडूंनी गिअर टाकला, तर वाढलेल्या स्लोमुळं होडीनं असा हिसका दिला की पुढं उभा असलेला त्यांचा पोरगा पाण्यात जाता जाता वाचला. शर्ट हाती लागला म्हणून बरं. माझ्या तर पोटात गोळाच आला.

शेतात इंजिन बंद पडलं तर माणूस बांधावर बसतो. पाण्यात बसायला बांध नाही. मे २०२४ मध्ये याच उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जीव गेले. ते वाऱ्यानं झालं. पण वारं सुटल्यावर काठ गाठायचा तर इंजिन भरवशाचं लागतं.

मग नीट बसलो. चोक थोडा ओढला की इंजिन स्लोला टिकायचं, सोडला की मरायचं. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. उलट असतं तर प्लग काळा अन् ओला निघाला असता. गॅस्केटमधून हवा ओढत नाही ना, ते पाहिलं. मग कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत पाण्याचे थेंब आणि चिकट थर. स्लोच्या जेटमधून उजेड दिसेना.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. दोष इथेनॉलचा म्हणू नका, त्यात आपलाच ऊस आहे. दोष महिना-महिना टाकीत पेट्रोल साठवणाऱ्याचा.

जेट कार्बोरेटर क्लीनरनं धुतला, हवा मारली. तार घातली नाही, तारेनं भोक मोठं होतं. इंजिन पाण्याच्या टिपाडात बुडवून गरम केलं, कारण कोरडं चालवलं तर थंड पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बसवून दीड फेरा मागं घेतला. मग पाव-पाव फेरा फिरवत, इंजिन एकसारखं वाजलं तिथं थांबलो. शेवटी स्लो खाली आणला आणि गिअरमध्ये पाण्यावर तपासलं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही कार्बोरेटरला हा स्क्रू हवेचा असतो, काहींना पेट्रोलचा. दोघांची दिशा उलटी. म्हणून फिरवण्याआधी मूळचे फेरे मोजून लिहून ठेवा. दुसरं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

घरी आल्यावर वीडरचा कार्बोरेटर उघडला. तोच चिकट थर. तीन वर्षं मी नुसता स्क्रू पिळत होतो.