पहिली बॅटरी

गाडीबरोबर आलेली पहिली बॅटरी किती वर्षे टिकते, हा मराठीच्या प्राध्यापकाने लिहिण्याचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. तरी गेली काही वर्षे हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. त्याला कारण एक परीक्षा आहे.

२०१४ च्या दिवाळीत मी गाडी घेतली. तेव्हा मी डहाणूला राहून तलासरीला शिकवायला जात असे. डहाणूहून चारोटी नाका, तिथून महामार्गाने उत्तरेकडे तलासरी, असा रोजचा प्रवास. चार वर्षे गाडीने कधी तक्रार केली नाही. २०१८ चा पावसाळा सरला आणि सकाळी किल्ली फिरवली की इंजिन किंचित जड आवाजात उठू लागले. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून पाहिले. "सर, कंपनीची बॅटरी आहे, चांगली चालली. पण चार वर्षं झाली, आता बदला." मी मीटर लावायला सांगितले. काटा साडेबारा व्होल्टवर थांबला. "मग ठीक आहे की," मी म्हणालो. "उभ्या गाडीत ठीक आहे, सर. ओझं पडल्यावर काय करील ते सांगता येत नाही." मी हसलो आणि निघालो. कंपनीची वस्तू आहे, वर्षभर सहज काढील, असा माझा हिशेब होता.

त्याच नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचे नाव वर्तमानपत्रांत येऊ लागले. थंडीच्या दिवसांत पाड्यांवरची माणसे घराबाहेर, उघड्यावर किंवा तंबूत झोपत होती. आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गातली एक मुलगी त्याच भागातली होती. रात्री धक्का बसला की दुसऱ्या दिवशी वर्गात तिचे डोळे तांबारलेले असत. पण ती गैरहजर राहत नसे. तिला बी.एड. करायचे होते. एप्रिल २०१९ मध्ये परीक्षा आली, तेव्हा मीच तिला म्हणालो, "शेवटच्या पेपरला सकाळी फाट्यावर ये, मी घेऊन जाईन. जीपची वाट बघत बसू नकोस."

मी फाट्यावर लवकर पोहोचलो. इंजिन बंद केले, पंखा आणि रेडिओ चालू ठेवला. दहा-पंधरा मिनिटांनी ती आली. मी किल्ली फिरवली. 'टक्' असा एकच आवाज आला आणि समोरचे दिवे विझले. आसपासच्या चार माणसांनी गाडी ढकलली. तरी ती सुरू होईना. आताच्या गाडीत पेट्रोल पुढे ढकलणारा पंप आणि इंजिनावर लक्ष ठेवणारा छोटा संगणक, दोघेही विजेवर चालतात. बॅटरी पार बसली असेल तर नुसते चाक फिरवून भागत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

पण मला खरे छळते ते पुढचे. त्या वेळात दोन जीपा आमच्या समोरून गेल्या. पहिलीत तिला जागा मिळाली असती. "थांब, आता होईल सुरू," असे म्हणून मीच तिला थांबवले. अखेर एका टेम्पोने आम्ही तलासरी गाठली, तेव्हा परीक्षागृहात प्रवेश देण्याची वेळ उलटून गेली होती. एक पेपर राहिला, निकाल अडकला आणि बी.एड.च्या प्रवेशाचे ते वर्ष गेले.

मग मी या वस्तूविषयी वाचू लागलो. उशिरा शहाणपण सुचलेला माणूस वाचतो तसे. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली. तिची मूळ कल्पना आजही तीच आहे. वीज काढली की पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते; वीज परत भरली की ते विरते. बॅटरी अर्धवट भरलेली राहिली तर त्याचे खडे घट्ट होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. उष्णतेत ही झीज वेगाने होते. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम सांगतात. म्हणून थंड हवेत पाच-सहा वर्षे चालणारी बॅटरी आपल्याकडे तीन-चार वर्षांत थकते. माझी साडेचार वर्षे टिकली, म्हणजे तिने मला फसवले नव्हते. साडेबारा व्होल्ट हाही खोटा आकडा नव्हता. इंजिन फिरवताना काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर द्यावे लागतात. त्या क्षणी व्होल्ट किती खाली घसरतात, यावरच बॅटरीची खरी प्रकृती कळते. विसावलेल्या बॅटरीचा आकडा पाहून मी निश्चिंत झालो होतो. धक्क्यांच्या रात्री जागून वर्गात येणाऱ्या त्या मुलीला "ठीक आहेस ना?" असे विचारून, तिच्या "हो, सर"वर मी असाच निश्चिंत होत असे.

पहिली बॅटरी सर्वांत जास्त टिकते, नंतरच्या तशा नसतात, असे अनेकजण सांगतात. माझाही अनुभव वरवर तसाच. दुसरी बॅटरी तीन वर्षेही पुरली नाही. पण तिच्या वाट्याला मार्च २०२० ची टाळेबंदी आली. गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी राहिली आणि घड्याळ, कुलूप, धोक्याचा भोंगा थोडी थोडी वीज पीत राहिले. पुढे माझी नेमणूक डहाणूतच झाली. घर ते कॉलेज हे अंतर इतके थोडे, की सुरू होताना खर्चलेली वीज भरून निघायच्या आतच गाडी थांबे. पहिलीला रोज महामार्गाची लांब धाव मिळाली होती. तेव्हा किती वर्षे टिकते, हा प्रश्नच अपुरा आहे. किती घेतले आणि किती परत दिले, हे त्याबरोबर विचारायला हवे.

ती मुलगी राहिलेला पेपर देऊन उत्तीर्ण झाली, वर्षभराने बी.एड.ला गेली आणि आज एका आश्रमशाळेत शिकवते. मध्यंतरी भेटली तेव्हा मी त्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, "असू द्या सर, गाडीच ती. पण बॅटरी आधी काहीच सांगत नाही का हो?"

"सांगते," मी म्हणालो, "सहा महिने सांगत होती."

दरवर्षी दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. बॉनेट मात्र उघडत नाही. आता तिसरी बॅटरी आहे. तिच्यावर बसवल्याची तारीख मी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच इलेक्ट्रिशियनकडे जातो आणि ओझे टाकून तपासायला सांगतो. हार दुसऱ्या दिवशी घालतो.