आजीच्या सुपातली निपाणी

निपाणी हे नाव मला पहिल्यांदा आजीच्या सुपात भेटलं. गोंदियाजवळच्या आमच्या गावात ती बिड्या वळायची. ओल्या फडक्यातलं तेंदूपान काढायची, कातरायची, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची. सट्टेदाराकडून, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडून, चांगला माल आला की वास घेऊन म्हणायची, "हा निपाणीचा हाये." पान आमच्या जंगलातलं, तंबाखू त्या निपाणीची. ते गाव पाहायला मी साठी उलटल्यावर, या माघात निघालो.

कागल मागे पडलं, कोगनोळी आली आणि पाट्यांवर कानडी अक्षरं दिसू लागली. बसमध्ये बोलणं मात्र कोल्हापुरी मराठीच. शेजारच्या आजोबांना सीमा कुठे लागली ते विचारलं. ते म्हणाले, "आत्ता गेली की पावणं. लेक कागलात दिलीया, सून गडहिंग्लजची. आमी रोज हिकडनं तिकडं."

आमचा मुलूख भाताचा, बांधात पाणी तुंबवणारा. इथली वेदगंगेच्या खोऱ्यातली काळी रानं पाहून मी थक्कच झालो. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्यात पावसाच्या मुरलेल्या ओलीवर पोसलेली तंबाखू. झाडाचा शेंडा खुडतात, बगलेतले फुटवे काढतात. मग सगळा कस पानात उतरतो. कापलेली झाडं रानातच उन्हात वाळत पडली होती. एक पान चोळून पाहिलं तर बोटांना काळा चीक बसला, तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. नदीकाठी आता ऊसही पसरलाय. भोजला वेदगंगा दूधगंगेला मिळते. जैन आचार्य शांतिसागर महाराजांचं हे गाव. दक्षिणेला तवंदीचा घाट चढलं की रस्ता संकेश्वराकडे उतरतो.

मला सगळ्यात जास्त चटका लावला तो एका तारखेने. 1 नोव्हेंबर 1956. त्या दिवशी आमचा तेव्हाचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि त्याच दिवशी मुंबई राज्यातली निपाणी म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेली. आमच्याकडे ती तारीख कुणाच्या लक्षातही नाही. सीमाभागात मराठी माणसं त्या दिवशी काळा दिवस पाळतात. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानेही 1967 साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी असंच सुचवलं होतं. 2004 पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इतकी वर्षं माणसांना ताटकळत ठेवणं मला अन्यायच वाटतो.

ज्या महामार्गाने मी आलो, त्याच्यावर 1981 च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी बैलगाड्यांसकट येऊन बसले होते. शेतकरी नेते शरद जोशी पुढे होते. तीनेक आठवडे रस्ता अडला. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. आता तिथून ट्रक धडधडत जातात. मी थोडा वेळ कडेला उभा राहिलो.

शेवटी एका वखारीत गेलो. दारातच खकाण्याने डोळे भरून आले. नाकावर पदर घट्ट बांधलेल्या बायका तंबाखू चाळत होत्या. भुवयांवर, पापण्यांवर तपकिरी भुकटी. वास तोच, आजीच्या लुगड्याचा. एका मावशीने चाळण थांबवून विचारलं, "कुठलं गाव, दादा?"

गोंदिया तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तेंदूपान येतं ना, तिकडचा.

"आगं बाई, पानाच्या मुलखातलं पावणं!" तिने बाकीच्यांना हाक मारली. मग पदर जरा खाली ओढून, जवळ येऊन म्हणाली, "तिकडं बायकास्नी हजार विड्यांमागं काय देत्यात?"