जपानी कायद्याचा एक व्यासंगी

चि. सौ. कां. भाचीस,


तुझे पत्र पावले. जपानी कायद्याच्याच व्यासंगाला वाहून घ्यावे की काय, असा जो विचार तुझ्या मनात घोळतो आहे, त्याला होकार वा नकार देण्यापूर्वी जपानी कायद्याचे अभ्यासक जॉन हेली यांच्या कारकिर्दीविषयी थोडे सविस्तर लिहितो; कारण परक्या देशाच्या कायद्याचा अभ्यासक कसा असावा, याविषयीचे माझे मत बनले ते त्यांचे लेखन वाचून.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जपानी कायद्याच्या अभ्यासाची परंपरा डॅन फेनो हेंडरसन यांनी सुरू केली. तोकुगावा शोगुनांच्या अमदानीतील समेटाच्या रीतीवर त्यांनी १९६५ साली दोन खंड प्रसिद्ध केले. फिर्याद घेऊन एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, निघालेल्या रयतेला आधी गावच्या प्रमुखाची संमती मिळवावी लागे. मग तेथे दावेकऱ्यांसाठीच चालणाऱ्या सराईत मुक्काम ठोकावा लागे, जिचा मालकच अर्ज लिहून देई, दरबारचे रिवाज समजावून सांगे. आणि एवढे करूनही 'आपसांत मिटवा' असा आग्रह पदोपदी वाट्यास येई. हा आग्रह वरून येत होता, हे ध्यानात ठेव.

हेली याच विद्यापीठात शिकले आणि १९७४ पासून तेथेच शिकवू लागले. जपानी माणूस स्वभावतःच कज्जेदलालीला विटलेला, सामोपचाराचा भोक्ता, असे मत त्या काळी रूढ होते. तोक्यो विद्यापीठाचे थोर विधिज्ञ ताकेयोशी कावाशिमा यांच्या १९६३ च्या निबंधाने त्याला वजन आले होते. १९७८ साली हेलींनी न्यायालयीन दप्तरातील आकडे पुढे मांडून दाखवले, की लोकसंख्येच्या मानाने दाव्यांचे प्रमाण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळातच अधिक होते. म्हणजे जो स्वभाव परंपरागत म्हणून सांगितला जातो, तो आजोबांपेक्षा नातवात अधिक दिसू लागला होता! १९२२ पासून भाडेकरू व कुळे यांच्या तंट्यांसाठी समेटाचे जे कायदे झाले, ते वाढत्या फिर्यादींनी धास्तावलेल्या सरकारने केले होते. हेली हे लिहीत होते त्या काळात तर न्यायाधीश, सरकारी वकील व वकील या तिन्ही पेशांसाठी मिळून दरसाल सुमारे ५०० उमेदवारच घेतले जात. न्याय मागणाऱ्याने उंबरठ्यावर किती वर्षे तिष्ठत बसावे?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपणही म्हणतोच. परंतु त्यावरून मराठी माणूस भांडणाला भितो, असा निष्कर्ष भाऊबंदकीचे दावे पाहिलेला कोणीही काढणार नाही. त्या म्हणीत खर्च आणि विलंब बोलतात.

हेलींचा १९९१ चा ग्रंथ मला याहूनही मोलाचा वाटतो. हुकूम मोडणाऱ्यास बेअदबीबद्दल कैदेत टाकण्याचा जो अधिकार इंग्रजी वळणाच्या न्यायाधीशास असतो, तो जपानी न्यायाधीशास नाही. तेव्हा अधिकार मान्य, पण अंमलबजावणीचे बळ तोकडे, अशा राज्ययंत्रात समाजाची लाजभीडच हुकमाचे काम करते, हे त्यांनी फार बारकाईने उलगडले आहे. मार्क रॅमसेयर यांनी मात्र दावे कमी असण्याचे निराळे कारण दिले: निकाल काय लागणार हे आधीच कळत असेल, तर पक्षकार बाहेरच मिटवतात. हा वाद मिटलेला नाही, आणि तुझ्यासारखीला काम आहे ते येथेच.

मात्र भाषांतरांवर विसंबू नकोस. रानडे इन्स्टिट्यूटमधील जपानीचे वर्ग आधी पुरे कर, १८९८ साली अमलात आलेली दिवाणी संहिता मुळातून वाचू लाग, आणि मग मला लिही. हेलींचा १९९१ चा ग्रंथ माझ्यापाशी आहे, तो पुढील आठवड्यात टपालाने पाठवतो. आईस आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा