तोंडी बोलीची जमीन

उर्दू-मराठी दोन्ही वाचता येतात म्हणून बोदवडात लोक माझ्याकडे कागद आणतात. एका बेवा बाईंचे खरेदीखत असेच आले. मरहूम शोहरने मुलीच्या लग्नासाठी कर्ज घेताना शेत लिहून दिले होते. 'पैसे फेडा, शेत परत' ही बोली तोंडीच.

फिकहमध्ये याला बय-उल-वफा म्हणतात. अनेक हनफी उलमांनी ते रहनच मानले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 58 मात्र परतीची अट त्याच खतात असेल तरच गहाण धरते. विनापरवाना सावकारीत जमीन गेली असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तो आम्ही केला. निकाल यायचा आहे.

सूरह बकराची 282वी आयत कर्ज लिहून ठेवायला सांगते. व्यवहार नातलगांत असला तरी परतीची अट खतातच लिहून घ्या.