सावित्रीच्या मुखाशीं

पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२०० फूट उंच; येथील मनुष्यास समुद्रांतील कासवांची चौकशी कशाला, असें वाचक म्हणतील. परंतु आमच्या शेजारच्या क्षेत्र महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या पंचगंगांपैकीं सावित्री ही कृष्णेची संगत सोडून पश्चिमेस उतरते व बाणकोटाजवळ अरबी समुद्रास मिळते. तेथून जवळच वेळास आहे. नाना फडणिसांचें मूळ गांव म्हणून तें पाहण्याची इच्छा जुनीच होती. ती गेल्या फाल्गुनांत आंबेनळीचा घाट, पोलादपूर, महाड, मंडणगड या मार्गानें पुरी झाली. मन गुंतलें मात्र किनाऱ्यावर.

कासवी केवळ दृष्टीनें पिलांचें पोषण करते, हा संतांचा आवडता दृष्टान्त. प्रत्यक्षांत समुद्रकासवी रात्रीं वाळूंत हातभर खोल खळगा करून शंभरएक अंडीं घालते, तो बुजविते आणि मागें वळून न पाहतां निघून जाते. सुमारें ५० दिवसांनीं पिलें वर येतात, तेव्हां वाट दाखविणारें कोणी नसतें. रात्रीं किनाऱ्यावरील झाडीपेक्षां पाण्यावरचें आकाश उजळ दिसतें. त्या उजेडाकडे धांवणें एवढीच त्यांची विद्या. किनाऱ्यालगत विजेचा दिवा असला, कीं तीं समुद्राकडे पाठ करून दिव्याकडे जातात, आणि उजाडेपर्यंत कुत्र्यां-कावळ्यांच्या तोंडीं पडतात.

पूर्वीं येथील अंडीं माणसें व कोल्हीं-कुत्रीं उकरून नेत. कायद्याची मनाई होतीच, पण कायदा रात्रीं वाळूंत कोठून येणार? इ. स. २००२ मध्यें चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें काम आरंभिलें. गांवच्याच माणसांनीं पहांटे किनारा धुंडाळावा, माग लागतांच अंडीं अलगद कुंपणांतील तशाच खळग्यांत ठेवावीं, वर टोपली पालथी घालावी, आणि पिलें निघालीं कीं पाण्याजवळ सोडावीं, अशी ही व्यवस्था. २००६ पासून कासव महोत्सवही भरूं लागला. पाहुणे घरोघरीं उतरतात, गांवास चार पैसे मिळतात. परोपकारास पोटाची जोड मिळाली यांत मला तरी कांहीं कमीपणा वाटत नाहीं.

काळजी आहे ती आम्हां पाहुण्यांचीच. पाहुण्यांमागोमाग उपाहारगृहें व दिव्यांच्या माळा कशा येतात, हें पांचगणीकरांस सांगावयास नको. आमच्या पठारावर त्यामुळें तारे तेवढे फिके होतात; येथें अख्खी वीण वाट चुकेल. मी गेलों त्या सायंकाळीं टोपली उचलतांच इवलीं काळसर पिलें सरपटूं लागलीं. दोरीपलीकडच्या एका गृहस्थांनीं छायाचित्रासाठीं मोबाइलचा दिवा लावला. गांवचा एक मुलगा हळूच म्हणाला, "काका, तेवढा दिवा बंद करा." गृहस्थांनीं तो मुकाट्यानें बंद केला. पिलें पाण्यास लागलीं. त्यांतील एखादी मादी वांचून वाढली, तर पुष्कळ वर्षांनीं अंडीं घालावयास याच किनारपट्टीकडे परत येईल.