दोन चित्रांमधलं अंतर

प्रवेशाचे दिवस आले की आई-वडील मुलांना घेऊन आमच्या अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजात येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅम, इथं सॉफ्टवेअर कुठली कुठली शिकवतात?" प्रश्न रास्त आहे. वर्षानुवर्षं फी भरायची, पोरानं पुढं आपल्या पायावर उभं राहायचं, तर त्याच्या हातात कुठलं हत्यार पडणार हे माणूस विचारणारच. मी नावं सांगते : माया, ब्लेंडर, टून बूम, आफ्टर इफेक्ट्स. आणि लगेच हेही सांगते, की पहिल्या सत्रात यातलं काहीच उघडायचं नाही. पहिल्या सत्रात चेंडू आहे.

कागदावर एक गोल काढायचा. तो वरून पडतो, आपटतो, उसळतो, पुन्हा पडतो आणि शेवटी थांबतो. माझी सुरुवातही इथूनच झाली. लाइट बॉक्सची काच, खाली ट्यूबलाइट, काचेच्या कडेला पेगबार आणि त्याच्या खुंट्यांत अडकवलेले, भोकं पाडलेले कागद. एका कागदावर चेंडू काढला की वर दुसरा कागद ठेवायचा. खालचा चेंडू पुसट दिसत राहतो. त्याच्यापासून किती लांब पुढचा चेंडू काढायचा, एवढंच ठरवायचं असतं. मग डाव्या हाताच्या बोटांमध्ये चार-पाच कागद धरून ते पुढं-मागं फडफडवत बघायचं. याला फ्लिपिंग म्हणतात. बोटांना ती सवय लागायला बराच काळ जातो. एकदा लागली की चित्र काढता काढताच ते हलताना दिसायला लागतं, आणि माझ्या मते मूल अ‍ॅनिमेशन शिकायला लागतं ते त्या दिवशी.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हातानं काम करताना आपण बहुधा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आता चेंडू १२० सेंटिमीटर उंचीवरून सोडला असं धरू. जमिनीवर यायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. म्हणजे १२ फ्रेम, ६ चित्रं. ही सहा चित्रं सारख्या अंतरावर काढली तर चेंडू पडल्यासारखा वाटतच नाही, कुणीतरी दोरीला बांधून त्याला सावकाश खाली सोडतंय असं वाटतं. खरा चेंडू पहिल्या चित्रापर्यंत जेवढा खाली येतो, त्याच्या तिप्पट तो पुढच्या चित्रापर्यंत येतो, मग पाचपट, सातपट, नऊपट आणि अकरापट. गॅलिलिओनं हे गणित चारशे वर्षांपूर्वी मांडलं. आमच्या चेंडूला ते लावलं तर पहिलं अंतर सव्वातीन सेंटिमीटरच्या किंचित वर येतं आणि शेवटचं साडेछत्तीसच्या पुढं जातं. भौतिकशास्त्राला कंटाळून चित्रकलेकडं आलेली मुलं फळ्यावरचे हे आकडे बघून जरा दचकतात. पण स्वतःच्या बोटांत तो चेंडू खरोखर पडताना दिसला, की ते सूत्र त्यांना पुन्हा शिकवावं लागत नाही.

पडायला एकूण किती वेळ लागला ते टायमिंग, आणि त्या वेळात अंतरं कशी वाटली ते स्पेसिंग. आमचा सगळा धंदा या दोन गोष्टींवर उभा आहे. पुढचा पाठ असा, की गोल तोच ठेवायचा, तेवढ्याच आकाराचा. रंग भरायचा नाही, छटा द्यायची नाही, आवाज जोडायचा नाही आणि बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हा रबराचा आहे, हा लोखंडाचा, हा टेबल टेनिसचा आणि हा फुगा. लोखंडी गोळा आपटला की जेमतेम उठतो, लगेच बसतो आणि जडपणे घरंगळतो. टेबल टेनिसचा चेंडू उसळ्या छोट्या छोट्या करत जातो, त्या इतक्या लवकर लवकर येतात की शेवटी तो नुसता थरथरतो. आणि फुग्याला हवा अडवते, त्याचा वेग फारसा वाढत नाही. म्हणून सारख्या अंतराची जी चित्रं मघाशी खोटी वाटली, तीच फुग्याला चपखल बसतात. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात आयुष्याचा बहुतेक काळ काम केलेल्या नॉर्मन मॅक्लारेनचं म्हणणं होतं, की एकेका फ्रेममध्ये काय आहे यापेक्षा दोन फ्रेमच्या मधे काय घडतं हे अधिक मोलाचं. हे वाक्य अठराव्या वर्षी ऐकलं तर भारदस्त वाटतं आणि कळत नाही. चेंडू आणि फुगा काढून झाला की कळतं.

चेंडूनंतर पिठाचं पोतं, पोत्यानंतर माणसाची चाल. सावकाश निवांत नव्हे, घाईत पळतही नव्हे, अशी साधी चाल घेतली तर एक पाऊल साधारण १२ फ्रेमचं. टाच टेकते, अंग खाली दबतं, दुसरा पाय शेजारून पुढं जातो, अंग वर उचललं जातं. पुस्तकात या चार अवस्था छापलेल्या असतात आणि मुलं त्या सहज उतरवून काढतात. चालतो मात्र पुस्तकातला माणूस, कुणीच नसलेला. म्हणून मी त्यांना वह्या घेऊन बाहेर काढते. स्वारगेटचा एसटी स्टँड, मंडई, शाळा सुटायच्या वेळचं फाटक. तीस सेकंदांत एक आकृती, खोडरबर वापरायचा नाही. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेतलेली बाई बघा : मान आणि डोकं जवळजवळ एका रेषेत पुढं सरकतं, आणि पावलांचा सगळा हेलकावा ती कंबर आणि गुडघ्यांत जिरवते. चालीतला वर-खालीपणा काढून टाकायला बाकीच्या शरीराला किती काम करावं लागतं, हे तिच्याकडं बघून जेवढं उमगतं तेवढं कुठल्या आकृतीतून नाही.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मी मुलांना आवर्जून नेते. तिथले हमाल ही आमच्या विषयाची विद्यापीठं आहेत. पाठीवर पोतं यायच्या आधीच हमाल पुढं वाकलेला असतो, पाय फाकवलेले असतात. पोतं पडलं की गुडघे किंचित दबतात, क्षणभर सगळं थांबतं, मग शरीर थोडं वर येतं पण पहिल्या उंचीला पोचत नाही. मग आखूड, भरभर पावलं. तळवे जमीन जेमतेम सोडतात. मान खाली, डोळे वर. आणि थप्पीवर पोतं टाकलं की अंग एकदम सुटतं, गरजेपेक्षा जास्त मागं जातं आणि मग जागेवर येतं. पोत्यातला माल आपल्याला दिसत नाही. त्याचं वजन आपण वाचतो ते हमालाच्या गुडघ्यांत आणि मानेत.

निफाडकडची एक विद्यार्थिनी होती. तिच्या अभ्यासात एक पात्र जमिनीवरची पेटी उचलतं. चित्रं सुरेख होती, हातावरची पकड बरोबर होती, आणि पेटी रिकामी वाटत होती. तिनं परोपरीनं चित्रं बदलून पाहिली. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली, आणि वडील व काका ट्रॅक्टरमध्ये कांद्याच्या गोण्या भरत असताना बांधावर बसून तिनं वही भरली. परत आली तेव्हा वहीत एक चित्र पुन्हा पुन्हा आलेलं होतं : गोणीची टोकं मुठीत धरलेली आहेत, अंग मागं ओढलं गेलंय, हात ताठ झालेत आणि गोणी अजून जमिनीवरच आहे. उचलण्याआधीचा हा क्षण तिच्या आधीच्या कामात नव्हता. तिनं तो घातला, आठ फ्रेमचा. पेटीला वजन आलं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन जुन्या अ‍ॅनिमेटरांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं लिहून ठेवली; त्यातलं अँटिसिपेशन ते हेच. आपल्याकडं ती बारा तत्त्वं परीक्षेला विचारतात आणि मुलं पाठ करून पैकीच्या पैकी गुण घेतात. मला हा प्रकार मनापासून नापसंत आहे. त्या मुलीला ते तत्त्व बांधावर सापडलं, आणि ते तिचं झालं.

आपल्याकडं हे शिक्षण कॉलेजात खूप उशिरा आलं. १९५६ साली क्लेअर वीक्स हे डिस्नेत काम केलेले अ‍ॅनिमेटर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या कार्टून फिल्म युनिटमधल्या तरुणांना त्यांनी शिकवलं. त्या तरुणांत राम मोहन होते, रसायनशास्त्राचा अभ्यास सोडून आलेले. वर्ग, प्रमाणपत्र, अभ्यासक्रम यातलं काही नव्हतं. काम करता करता शिकायचं, आणि त्यातूनच 'द बनियन डिअर' उभी राहिली. राम मोहन यांनी पुढं कित्येक पिढ्या घडवल्या. 'प्रिंटेड रेनबो' आणि 'बॉम्बे रोज' करणाऱ्या गीतांजली राव जे. जे.मधून उपयोजित कला शिकून बाहेर पडल्या आणि त्यांच्याच स्टुडिओत हे काम शिकल्या.

त्याच्याही मागं जायचं तर दादासाहेब फाळके आहेत. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याच्या वाढीची फिल्म तयार केली. पुढं 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्या नाचवल्या. कॅमेऱ्यापुढं काहीतरी ठेवायचं, एक फ्रेम घ्यायची, थांबायचं, किंचित बदल होऊ द्यायचा, पुढची फ्रेम घ्यायची. थांबणं हाच त्या कामाचा अर्धा भाग. मुलांना मी ही गोष्ट सांगते ती अभिमानापोटी तर खरीच, पण त्याहून जास्त धीर यावा म्हणून. आपल्या मातीतल्या या आद्य सिनेमावाल्यानं चित्रपटासाठी भांडवल उभं केलं ते या वाटाण्याच्या वाढीवर.

दुसऱ्या वर्षी संगणक येतो, आणि तिथं मुलांची खरी कसोटी लागते. सुरुवातीची एक पोझ दिली, शेवटची दिली, की मधलं सगळं यंत्र भरून काढतं. किती दिलासा वाटतो! पण यंत्र भरतं ते गुळगुळीत. हात इथून तिथं पोचतो, पाण्यात तरंगल्यासारखा. ग्राफ एडिटर उघडला की प्रत्येक हालचालीची एक वक्ररेषा दिसते. ती कुठं उभी चढवायची, कुठं सपाट ठेवायची, कुठं मोडायची, हे माणसानंच ठरवायचं असतं. ज्यांनी सहा चित्रांत चेंडू पाडलेला असतो त्यांना ती रेषा वाचता येते, कारण ती रेषा म्हणजे स्पेसिंगच. बाकीचे बटणं शोधत राहतात. भजनात पखवाज वाजवणारा एक मुलगा या कामात सगळ्यांच्या पुढं असायचा. बारा फ्रेमचा काळ त्याला घड्याळाशिवाय अंगात जाणवायचा. हल्ली दोन ओळी लिहिल्या की हलतं चित्र बनवून देणारी यंत्रंही आली आहेत, आणि मुलं घाबरून विचारतात, "मॅम, मग आम्ही कशाला?" माझं उत्तर एवढंच असतं, की समोर आलेल्या चालीत वजन आहे का, हे ज्याला दिसतं त्याचं मत विचारात घेतलं जाईल. ते दिसण्यासाठीच ही वर्षं आहेत.

शेवटच्या वर्षी फिल्म. दोन मिनिटांची म्हटली तरी २,८८० फ्रेम, म्हणजे हातानं १,४४० चित्रं, शिवाय पार्श्वभूमी, क्लीनअप, रंग, आवाज. गोष्ट मोठी सुचते आणि ती छाटावी लागते. या टप्प्यावर कोकणात पिंगुळीला जाऊन ठाकर चित्रकथी बघून येणं मला फार मोलाचं वाटतं. एकापाठोपाठ एक चित्र समोर धरून गात गात रामायण-महाभारतातली आख्यानं सांगणारी ही मंडळी. कुठलं चित्र किती वेळ धरायचं आणि कधी बदलायचं, याची त्यांची जाण पक्की असते. स्टोरीबोर्डवर अडलेली मुलं तिथून आल्यावर स्वतःहून निम्मे चौकोन काढून टाकतात, आणि उरलेले जास्त वेळ धरतात.

नोकरीबद्दल खरं तेच सांगते. सुरुवातीला मिळणारं काम बरंचसं दुसऱ्याच्या फिल्मचं असतं. क्लीनअप, रोटो, नाहीतर इनबिट्वीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं. पगार बेताचा, तास लांब. त्या काळात तग धरतात ती मुलं, ज्यांना एक चांगलं इनबिट्वीन काढण्यातही रस वाटतो. तो रस कॉलेजात लागला नाही तर स्टुडिओत तो लावायला कुणाला सवड नसते.

म्हणून आई-बाबांना आणि मुलांना माझं सांगणं आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा संगणकांची खोली जरूर बघा, पण तिथं थांबू नका. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या लाइन टेस्ट, म्हणजे नुसत्या रेषांतली हलती चित्रं, दाखवायला सांगा. वह्या मागून घ्या आणि त्या चाळा. मुलं चित्रं काढायला बाहेर कुठं जातात, किती वेळा जातात, सोबत कोण असतं, ते विचारा. लाइट बॉक्स वापरात आहे की धूळ खातोय, ते बघा. आणि मग फी भरा.