‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं कुणाला?

चष्मा दिसत नाही म्हटलं की घरातले सगळे एकच गोष्ट शोधायला लागतात. पण नवा एसएसडी बसवल्यावर ‘दिसत नाही’ म्हटलं, तर त्या दोन शब्दांचे निदान चार अर्थ होतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं, आणि तेही घाईच्या वेळी.

घाईचं कारण होतं बाबांची 500 जीबीची जुनी हार्ड डिस्क. बाबांचं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, हौशी कवींचे पदरमोड करून छापलेले संग्रह, असं पंचवीस वर्षांचं काम. दुकान बंद केल्यावर ते सगळं माझ्या लॅपटॉपच्या डिस्कवर आलं. त्यातच एक फोल्डर होतं ‘आई’ नावाचं. बाबांची आई, म्हणजे माझी आजी, जात्यावरच्या ओव्या सांगायची आणि बाबा रात्री दुकानात बसून त्या टाइप करायचे. त्याचं पुस्तक कधी झालं नाही. ओव्यांची वही घर बदलताना गेली, आजी त्याआधीच गेली होती. सीडीवर काढलेली प्रत आता कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचली जात नव्हती.

डिस्कला टकटक आवाज यायला लागला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. वाचता न आल्यामुळे बाजूला ठेवलेल्या सेक्टरांचा आकडा त्यात सकाळी 8 होता आणि संध्याकाळी 40. हा आकडा असा वाढायला लागला की डिस्क बंद करायची आणि प्रत घ्यायला दुसरी जागा तयार झाल्याशिवाय पुन्हा चालू करायची नाही.

ती जागा आणायला मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. 1 टीबीचा एनव्हीएमई एसएसडी घेतला, च्युइंगगमच्या पट्टीएवढा. लॅपटॉपमध्ये एम डॉट टूची एक खाच रिकामी होती, तिथे तो बसवला. जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालू केलं. फाइल मॅनेजर उघडला. एसएसडीचा पत्ता नाही.

“डुप्लिकेट माल दिला असणार. परत देऊन ये,” बाबा म्हणाले.

दुकानदाराने तो स्वतःच्या मशीनला लावला. नाव, आकार, सगळं व्यवस्थित आलं. “हे बघा ताई, दिसतोय की! तुमच्या लिनक्सचा घोळ आहे. विंडोज टाका, काही टेन्शन नाही.”

बाबांच्या मते ड्राइव्ह खराब, दुकानदाराच्या मते लिनक्स खराब. दोघांनी जे पाहिलं ते खरंच होतं. पण ‘कुणाला दिसत नाही?’ हा प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता.

घरी येऊन मी तोच प्रश्न एकेका पायरीवर विचारत गेले.

पहिली पायरी धातूची. पट्टी खाचेत पूर्ण गेली आहे का, स्क्रू बसलाय का, आणि मुख्य म्हणजे ती खाच कुठल्या जातीची आहे? एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात जुन्या साटा पद्धतीचे एसएसडी येतात आणि एनव्हीएमईचेही. काही खाचा दोन्ही चालवतात, काही एकच. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत माझी खाच एनव्हीएमईची होती, म्हणजे इथे काही अडत नव्हतं.

दुसरी पायरी बायोसची. मशीन सुरू होताना, कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम यायच्या आधी जो हजेरी घेतो, तो बायोस. तिथे एसएसडीचं नाव होतं, 1 टीबी आकारही होता. इथे नाव असतं तेव्हा लिनक्सला दोष देण्याआधी आणि दुकानात जाण्याआधी एवढं कळतं की वीज पोचते आहे आणि पट्टी जिवंत आहे.

तिसरी पायरी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची. टर्मिनलवर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली की कर्नलला माहीत असलेले सगळे ड्राइव्ह ओळीने येतात. पहिला एनव्हीएमई ड्राइव्ह तिथे ‘एनव्हीएमई0एन1’ या नावाने यायला हवा. फक्त पेनड्राइव्ह आला. अडलं होतं ते इथे.

कर्नल मशीन सुरू झाल्यापासून आपली रोजनिशी लिहीत असतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा ती रोजनिशी दाखवते. शेकडो ओळी, बहुतेक आपल्या कामाच्या नसलेल्या. त्यात एनव्हीएमई हा शब्द शोधला आणि दोन ओळी सापडल्या. त्यांचा अर्थ असा: रिमॅप केलेलं 1 एनव्हीएमई उपकरण सापडलं आहे, ते वापरायचं असेल तर बायोस रेडवरून एएचसीआय मोडवर न्या.

मी ती ओळ दोनदा वाचली. आम्ही तपकीर गल्लीच्या फेऱ्या मारत होतो आणि कर्नलने पहिल्याच दिवशी, स्वच्छ शब्दांत, रोग आणि औषध दोन्ही लिहून ठेवलं होतं.

झालं होतं असं. त्या काळातल्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच ‘रेड’ मोड चालू असतो. त्या मोडमध्ये एनव्हीएमई ड्राइव्ह स्वतःच्या नावाने समोर येत नाही; तो साटा कंट्रोलरच्या आड झाकला जातो. एकत्र कुटुंबाच्या रेशनकार्डावर सून असावी, पण दारावर पाटी फक्त सासऱ्यांची, तसं. विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर असेल तर त्याला ही आतली व्यवस्था ठाऊक असते, म्हणून तिथे ड्राइव्ह दिसतो. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये अशा झाकलेल्या ड्राइव्हसाठी ड्रायव्हर नाही. तो फक्त सांगतो, आत कुणीतरी आहे, पडदा बाजूला करा.

बायोसमध्ये जाऊन रेडच्या जागी एएचसीआय निवडलं. एएचसीआय म्हणजे फिरत्या डिस्कच्या जमान्यातली पद्धत, आज्ञांची 1 रांग आणि रांगेत 32 आज्ञा. त्यामुळे नवा ड्राइव्ह हळू होईल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. ती सेटिंग साटा कंट्रोलरची असते. पडदा गेल्यावर एनव्हीएमई थेट पीसीआय एक्सप्रेसवर आपल्या पद्धतीने बोलतो. मात्र त्याच मशीनवर विंडोज असेल तर हा बदल सरळ करू नका. विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तयारी करावी लागते, आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी हवी. नाहीतर विंडोज उघडायचंच नाही.

मशीन पुन्हा सुरू केलं. एलएसबीएलकेमध्ये एनव्हीएमई0एन1 हजर. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. फाइल मॅनेजर उघडला, आणि तिथे तो अजूनही नव्हता.

“आता काय?” बाबांचा चेहरा पडला.

ही चौथी पायरी. कोऱ्या एसएसडीवर काहीच नसतं, ना पार्टिशन, ना फाइल सिस्टिम. सिटी सर्व्हेत प्लॉटची नोंद आहे, पण त्यावर घरच नाही, तर पोस्टमन पत्र कुठे टाकणार? फाइल मॅनेजर हा पोस्टमन आहे. त्याला दार लागतं. जीपार्टेडमध्ये जीपीटी तक्ता केला, ईएक्सटी4 फाइल सिस्टिम घातली. हे करताना ड्राइव्हचं नाव आणि आकार मोठ्याने वाचायचा, कारण भलत्या डिस्कवर ही कृती झाली तर तिथलं सगळं जातं. आमच्याकडे ती भीती नव्हती, जुनी डिस्क टेबलावर सुटी पडली होती. दोन मिनिटांत फाइल मॅनेजरमध्ये चिन्ह उमटलं.

मग जुनी डिस्क जोडली आणि जीएनयू डीडीरेस्क्यू लावलं. साधी कॉपी खराब सेक्टरवर डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू आधी सोपं तेवढं उचलतं, अवघड भाग ओलांडून पुढे जातं, मग मागे येऊन त्यांच्याशी झटतं. काय मिळालं आणि काय राहिलं याचा नकाशाही लिहीत जातं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. रात्रभर ते चाललं. सकाळी सगळ्या डिस्कमधले 212 केबी तेवढे हाती लागले नव्हते.

‘आई’ फोल्डर आलं होतं. फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, असा सगळा काला.

मला पाचवी पायरी ठाऊक नव्हती. बाबांना ती तोंडपाठ होती. पुण्यात 1988 साली सी-डॅकची स्थापना झाली, तिथल्या जिस्ट गटाने संगणकावर देवनागरीचं मोठं काम केलं. 1991 साली इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाणही आलं. पण डीटीपीच्या धंद्यात प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी वेगळीच. रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले. तोच फाँट असेल तर ‘ळ’, नसेल तर भलतंच चिन्ह. यूनिकोडमध्ये ‘ळ’ला 0933 हा स्वतःचा क्रमांक आहे, फाँट कुठलाही असो. तेव्हा दुकानात ते नव्हतं.

“डेटा गेला नाही गं,” बाबा म्हणाले. “फाँट लाव. शेजारच्याच फोल्डरमध्ये असेल, मी नेहमी कामासोबत ठेवायचो.”

होता. तो लावला आणि ओव्या एकदम मराठीत आल्या. बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

“इथे वेलांटी दुसरी हवी. आईने सांगितलं होतं, मी त्या दिवशी ऐकलं नाही.”

आता ते रोज संध्याकाळी तासभर यूनिकोडमध्ये ओव्या नव्याने टाइप करतात, आणि मी त्या दोन ठिकाणी साठवते. आतापर्यंत 63 झाल्यात.